खरा नाताळ कोणता?

गेल्या वर्षी आगमनकाळातील एका शास्त्राभ्यास वर्गात एका तरुणाने मला विचारले, “बेथलेहेमात नाताळ कोणत्या दिवशी असतो?” प्रश्न साधा होता. उत्तर देऊ लागलो तेव्हा मात्र मलाच क्षणभर थांबावे लागले. कारण ज्या गावी प्रभू जन्मला त्या गावी नाताळ एकदा नव्हे, तीनदा येतो. रोमन कॅथलिक व प्रॉटेस्टंट मंडळ्या तो २५ डिसेंबरला साजरा करतात. ग्रीक ऑर्थोडॉक्स, सिरियन, कॉप्टिक व इथिओपियन मंडळ्या जुन्या पंचांगाने चालतात, म्हणून त्यांचा नाताळ ७ जानेवारीला येतो. आर्मेनियन मंडळी प्रभूचा जन्म आणि त्याचे प्रकटीकरण हे दोन्ही ६ जानेवारी या एकाच दिवशी पाळते. परंतु पवित्र भूमीत तीही जुनेच पंचांग मानते, त्यामुळे तिचा नाताळ १९ जानेवारीला पडतो. मंदिर एकच, त्याखालील गुहा एकच, आणि आत जाण्याचा दरवाजा जेमतेम सव्वा मीटर उंचीचा, म्हणजे राजालाही वाकल्याशिवाय प्रवेश नाही. (वाकून आत गेलेल्यांचे वाकणे तेथेच संपते, हे दुर्दैवाने खरे आहे. गुहेतील रुपेरी तारा १८४७ मध्ये नाहीसा झाला आणि त्यावरून पेटलेला कलह क्रिमियाच्या युद्धाच्या कारणांपैकी एक ठरला. आणि २००७ च्या डिसेंबरात मंदिराची साफसफाई करताना कोणी कोठवर झाडायचे यावरून ग्रीक आणि आर्मेनियन धर्मसेवकांनी एकमेकांवर केरसुण्या उगारल्या.)

माझे उत्तर ऐकून त्या तरुणाने लगेच दुसरा प्रश्न केला, “मग त्यांतला खरा कोणता?” वर्गात हशा पिकला. मीही हसलो. पण त्या रात्री घरी जाताना तो प्रश्न माझ्याबरोबर चालत आला आणि अद्याप गेलेला नाही.

तारखेपुरते बोलायचे तर उत्तर कठीण नाही. पवित्र शास्त्र प्रभुजन्माचा दिवस सांगत नाही, महिना सांगत नाही. तारीख मनुष्यांनी ठरवली आणि मनुष्यांनी बदलली. अगदी अलीकडे, २०२३ साली, युक्रेनने कायदा करून नाताळची सार्वजनिक सुट्टी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला आणली. रशियाशी युद्ध चालू असता तिच्याबरोबरचे पंचांगही नको, असा त्यामागील भाव होता. एका संपूर्ण राष्ट्राने आपला सण तेरा दिवस अलीकडे ओढला. ज्या आजीने साठ वर्षे जानेवारीत मेणबत्ती लावली तिला यात काय वाटले असेल ते असो. परंतु तिचा पूर्वीचा नाताळ खोटा होता असे कोणी म्हणणार नाही.

तारखेचे झाले, रीतींचे काय? या प्रश्नाला आपण व्यासपीठावरून एक ठरलेले उत्तर देतो: वेष भिन्न, आत्मा एक. हे वाक्य मीही अनेक नाताळांत बोललो आहे. भाषांतरकाराला तर ते विशेष सोयीचे वाटते. अर्थ एक, भाषा अनेक. तसाच नाताळ एक, रीती अनेक. कोठे बर्फ, कोठे ऊन. कोठे हंस भाजतात, कोठे करंज्या तळतात. परंतु या उत्तरात एक उणीव आहे, आणि ती माझ्या उशिरा लक्षात आली. बाह्य रूप कसेही असले तरी आत्मा तोच राहतो असे एकदा मान्य केले, की नाताळ चुकीचा साजरा करणे कोणालाच शक्य उरत नाही. मग ‘खरा’ हा शब्दच निरर्थक होतो. त्या तरुणाचा प्रश्न सुटत नाही, केवळ पुसला जातो.

शिवाय, नाताळ साजरा करणे हेच मुळी चूक आहे असे म्हणणारे लोक ख्रिस्ती इतिहासात होऊन गेले, आणि ते नास्तिक नव्हते. ते पवित्र शास्त्रावर आपल्यापेक्षा अधिक जीव टाकणारे होते. इंग्लंडच्या प्युरिटन पार्लमेंटने १६४७ मध्ये हा सण रद्द केला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ मध्ये कायदा केला, की जो कोणी काम बंद ठेवून, मेजवानी करून किंवा अन्य प्रकारे नाताळ पाळताना आढळेल त्याला पाच शिलिंग दंड व्हावा. हा कायदा १६८१ मध्ये उठला, तरी त्या प्रदेशातील मंडळ्यांचा सणाविषयीचा थंडपणा पुढे दीडशेहून अधिक वर्षे टिकला. स्कॉटलंडात तर नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली प्रथम मिळाली. त्यांचे म्हणणे सरळ होते: शास्त्रात हा दिवस नाही, जे शास्त्रात नाही ते उपासनेत नको, आणि दारू, जुगार, धिंगाणा यांना प्रभूच्या नावाचे पांघरूण तर मुळीच नको.

ही माणसे आपल्याला दूरची वाटतात. पण तशी ती नाहीत. १८१३ साली मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू करणारे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे त्याच न्यू इंग्लंडच्या परंपरेतून आले होते. १८२९ साली मुंबईत पोहोचलेले डॉ. जॉन विल्सन स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेचे. ज्यांनी आपल्या पूर्वजांच्या हाती मराठी शुभवर्तमान ठेवले त्यांतील कित्येकांच्या बालपणी नाताळ हा सण नव्हता. आणि सणाचे नाव? ‘नाताळ’ हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाला. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या बाबतीत असे घडले, की पुस्तक एकाने दिले आणि सणाचे नाव दुसऱ्याने. पोर्तुगीज राजवटीच्या काळी सण होता, पण मराठीत शास्त्र लोकांच्या हाती नव्हते; याला मोठा अपवाद फादर थॉमस स्टीफन्स यांचा, ज्यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’त जन्मकथेसह सारा तारणेतिहास ओवीबद्ध करून या मातीच्या कानांवर घातला. या दोन वारशांची आपण कधी एकमेकांशी गाठ घातली नाही. डिसेंबरात आकाशकंदील लावताना आपण एका घराण्याचे असतो, आणि “हे शास्त्रात कोठे आहे?” असे विचारताना दुसऱ्या.

माझ्या बाबतीत ही गाठ एका शब्दाने घालावयास लावली.

सातपुड्याच्या पायथ्याशी बोलल्या जाणाऱ्या एका आदिवासी बोलीत लूककृत शुभवर्तमानाचे भाषांतर चालू आहे, आणि त्याच्या तपासणीसाठी मी काही वर्षे त्या भागात जातो. तपासणीची एक रीत अशी, की ज्यांनी शास्त्र वाचलेले नाही अशांना मसुदा वाचून दाखवायचा आणि “आता तुम्ही सांगा, काय घडले?” असे विचारायचे. दुसऱ्या अध्यायाच्या वेळी एका वृद्ध बाईंच्या घरी आम्ही बसलो होतो. सातवे वचन वाचून झाले. तिने कथा पुन्हा सांगितली नाही. उलट मलाच विचारू लागली. मराठीत सांगायचे तर संवाद असा:

“ते योसेफाचं मूळ गाव?”

“हो, आजी.”

“म्हणजे भाऊबंद असतील.”

“असतील.”

“आणि पोर अवघडलेली. तरी तिला कोणी घरात घेतलं नाही?” ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. “लेकरा, असं गाव नसतं.”

आमच्या मसुद्यात आपल्या प्रचलित मराठी भाषांतरातील ‘उतारशाळा’ या शब्दाला अनुसरून सरायसारखा एक शब्द घातला होता. तिच्या गावात सराय नाही, आणि ती कधी सरायीत उतरलेली नाही; परंतु तिने बोट ठेवले ते नेमके ठिकाण होते. मूळ ग्रीक शब्द ‘काताल्यूमा’ असा आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात लूकाला जेव्हा पैसे घेऊन उतरवून घेणारी सराय म्हणायची असते तेव्हा तो ‘पांदोखेइओन’ हा निराळा शब्द वापरतो, आणि तेथे तिचा मालकही हजर असतो. ‘काताल्यूमा’ हा शब्द लूक पुन्हा बाविसाव्या अध्यायात योजतो, तो प्रभूने शिष्यांसह वल्हांडणाचे भोजन केले त्या खोलीसाठी. म्हणजे पाहुण्यांची खोली. एवढ्यावरून प्रश्न निकालात निघाला असे मी म्हणणार नाही; निर्गमच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात वाटेवरच्या मुक्कामालाही हाच शब्द आलेला आहे. तरीही पुष्कळ अभ्यासकांचा कल आज पाहुण्यांच्या खोलीकडे आहे. मध्यपूर्वेत सुमारे चाळीस वर्षे राहून शिकवलेल्या केनेथ बेली यांनी तेथील खेड्यांतील घरांचा दाखला देऊन हे मत जोराने मांडले, आणि इंग्रजीतील एका फार खपणाऱ्या भाषांतराने २०११ च्या आवृत्तीत ‘सराय’ काढून ‘पाहुण्यांची खोली’ घातली. बेली यांचे म्हणणे असे, की त्या काळच्या साध्या घरात एकच मोठी खोली असे, तिच्या खालच्या अंगाला रात्री गुरे बांधत, आणि गव्हाणी तेथेच जमिनीत कोरलेल्या असत. पाहुण्यांची खोली भरलेली होती, म्हणून बाळंतपण घरच्या माणसांत झाले.

हे मी त्या आजींना सांगितले तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले नाही. आम्ही बसलो होतो त्याच घराच्या एका अंगाला दोन बैल आणि एक गाय बांधलेली होती. “आमची गव्हाण घरातच असते,” त्या म्हणाल्या.

आमच्याबरोबर असलेले तरुण प्रचारक मात्र अस्वस्थ झाले. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, “सर, सराय काढली तर नाताळच्या नाटकात उरतं काय? लोक म्हणतील, यांनी शास्त्र बदललं.” त्यांची भीती अवाजवी नव्हती. लूकात सरायवाला नाही. तो कोठेच नाही. तरीदेखील जगातील जवळजवळ प्रत्येक मंडळीच्या नाताळच्या नाटकात तो आहे, आणि बहुधा त्याचेच काम मुलांना सर्वांत आवडते.

त्या रात्री मला मेक्सिकोची आठवण झाली, कारण एका शब्दावर एवढा मोठा सण उभा राहिल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. तेथे १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्री ‘पोसादा’ चालतात. पोसादा म्हणजे उतरण्याची जागा, सराय. स्पॅनिश भाषांतरांतही या वचनात सरायीचाच शब्द रूढ होता. ही प्रथा सोळाव्या शतकात मेक्सिको नगराजवळील आकोल्मान येथील ऑगस्टिनियन मठातून पसरली असे मानतात. तत्पूर्वी याच ऋतूत तेथील आस्तेक लोक आपल्या युद्धदेवतेचा उत्सव करीत असत. रीत अशी: गल्लीतील लोक हातांत मेणबत्त्या आणि पुढे योसेफ व मरीया यांच्या लहान मूर्ती घेऊन मिरवत निघतात आणि ठरलेल्या घरापुढे थांबतात. लोकांचे दोन भाग होतात. अर्धे बाहेर राहून योसेफाच्या वतीने गाण्यातून आसरा मागतात. अर्धे दाराआड राहून गाण्यातूनच नकार देतात. कोण जाणे तुम्ही चोर असाल, पुढे चला, नाहीतर मार खाल, अशा अर्थाची त्यांची उत्तरे असतात. पुष्कळ मागणे आणि पुष्कळ नाकारणे झाल्यावर आतल्यांना ओळख पटते, दार उघडते, आणि सारे आत जातात. मग प्रार्थना, पेरू आणि उसाचे तुकडे घालून उकळलेले गरम पेय, मुलांसाठी उंच टांगलेली पिन्याता. पिन्यातेला परंपरेने सात टोके असतात, सात पापांची; मुले डोळे बांधून ती काठीने फोडतात आणि आतला खाऊ खाली सांडतो.

आता पाहा. हा सारा सण ज्या सरायीवर उभा आहे ती सराय मूळ वचनात बहुधा नाही. दार लावणारा तर नक्कीच नाही. शास्त्राशी तंतोतंत राहू पाहणाऱ्या न्यू इंग्लंडच्या बंधूंनी तारीख नाही म्हणून सण सोडला. त्यांचे वाचन अचूक होते. मेक्सिकोच्या गल्लीतील बायाबापड्यांनी एका शंकास्पद शब्दावरून नऊ रात्री परक्यांना दार उघडण्याचा सराव केला. माझ्यासारख्याने, ज्याची भाकरी अचूक शब्दावर अवलंबून आहे, कोणाच्या बाजूने उभे राहावे?

मेक्सिकोच्या बाजूने बोलताना एक आक्षेप आधी मान्य केला पाहिजे. पोसादेतील दार उघडणार हे प्रत्येकाला आधीच ठाऊक असते. ठाऊक असलेले दार ठोठावायला धैर्य लागत नाही आणि उघडायला औदार्य लागत नाही. हे खरे आहे. तथापि या रीतीत एक गोष्ट अशी आहे, जी आपल्या नाटकांत नाही. आपण सरायवाल्याचे काम एका मुलाला देतो आणि बाकीचे सारे बाकांवर बसून त्याच्या निर्दयतेबद्दल हळहळतो. तेथे अर्धी गल्ली सरायवाला होते. आपल्याच तोंडाने, आपल्याच सुरात, “जागा नाही” असे माणूस म्हणतो आणि ते आपल्याच कानांनी ऐकतो. पुढे कधी तो बाहेरच्या बाजूला असतो. १९९० च्या दशकापासून अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवर, सॅन डिएगो आणि तिहुआना यांच्यामधील कुंपणापाशी, दोन्ही बाजूंचे लोक जमून अशीच एक पोसादा करतात. सीमा ओलांडताना मरण पावलेल्यांची नावे त्या वेळी वाचली जातात. तेथे गाण्याचे शेवटचे कडवे आले तरी कुंपण उघडत नाही.

पोलंडमध्ये हाच विचार निराळ्या रूपाने दिसतो. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी पहिला तारा दिसला की कुटुंब मेजाभोवती जमते. मेजावरील पांढऱ्या कापडाखाली थोडे गवत पसरलेले असते, गव्हाणीची आठवण म्हणून. परंपरेने बारा पदार्थ, सारे मांसाविना. जेवणाआधी प्रत्येकजण पातळ पापुद्र्यासारख्या भाकरीचा तुकडा दुसऱ्याच्या हातातून मोडून घेतो आणि वर्षभराचे रुसवे तेथे मिटवायचे असतात. आणि मेजावर एक ताट जास्तीचे मांडलेले असते, न बोलावता येणाऱ्या पाहुण्यासाठी. किती सुंदर रीत! आणि किती अवघड. कारण त्या ताटावर बहुधा कधीच कोणी बसत नाही. २०२१ साली थंडीच्या तोंडावर बेलारूसच्या सीमेवरील जंगलात मध्यपूर्वेतून आलेली माणसे, त्यांत लहान मुले, दोन देशांच्या पहारेकऱ्यांमध्ये अडकून पडली, तेव्हा हे रिकामे ताट पोलंडच्या ख्रिस्ती लोकांपुढे प्रश्न होऊन उभे राहिले. सीमेचा बंदोबस्त कसा ठेवावा हा राज्यकर्त्यांचा विषय आहे आणि त्यावर येथे बसून निकाल देणे मला शोभणार नाही. एवढे मात्र घडले, की त्या पूर्वेकडील भागातील काही कुटुंबांनी आपल्या खिडकीत हिरवा दिवा लावला. इथे अन्न मिळेल, अंगावर कोरडे कपडे मिळतील, अशी ती खूण होती.

हे सारे डोळ्यांपुढे आल्यावर माझ्या ‘वेष भिन्न, आत्मा एक’ या वाक्याचे काय चुकले होते ते मला हळूहळू उमगले. मी सणाला भाषांतर समजत होतो. सण भाषांतर नव्हे. तो उत्तर आहे. लूक एवढेच सांगतो, की त्यांना जागा नव्हती. आणि पुढच्याच वचनात तो मेंढपाळांकडे, रानात, निघून जातो. मरीयेचा हात कोणी धरला, नाळ कोणी कापली, दिवा कोणी आणला, यांविषयी तो एक अक्षर लिहीत नाही. भाषांतरकाराला त्या मोकळ्या जागेत काहीही लिहिण्याचा अधिकार नाही. ते मोकळेच राखणे हा त्याचा धर्म आहे. परंतु मंडळीला ती जागा मोकळी ठेवता येत नाही. “जागा नव्हती” असे ऐकल्यावर माणसाने काहीतरी बोलले पाहिजे, आणि जगातील निरनिराळे नाताळ म्हणजे त्या दोन शब्दांना मिळालेली उत्तरे आहेत. इथिओपियातील ख्रिस्ती सुमारे चाळीस दिवस उपवास करून, शुभ्र वस्त्रे लेवून रात्रभर उभे राहतात, आणि दुसरे दिवशी मेंढपाळांच्या आनंदाची आठवण म्हणून काठ्यांनी चेंडू खेळतात. फिलिपाइन्समधील लोक नऊ दिवस पहाटेच्या काळोखात उठून उपासनेला जातात. पूर्वी शेतावर जाण्याआधी जात, म्हणून ही वेळ. ही उत्तरे सारखी नाहीत आणि सारखी असण्याचे कारणही नाही.

पण उत्तर म्हटले की ते जुळणारे असते किंवा नसते. जे विचारले नाही त्याचेच उत्तर देणे शक्य असते. मेजवानीचा थाट, झाडाची उंची, गायनसंघाच्या गणवेशाचा रंग यांवर आपल्या कित्येक मंडळ्यांत जी चर्चा चालते ती कशाचे उत्तर असते? याबाबत आपण जपानकडे बोट दाखवतो: १९७४ पासून एका अमेरिकन उपाहारगृहाच्या जाहिरातीमुळे तेथे नाताळच्या दिवशी तळलेली कोंबडी खाण्याची चाल पडली, ख्रिस्ती लोक शेकडा एकाच्या आसपास, आणि २५ डिसेंबरला सुट्टीदेखील नाही. आपण हसतो. परंतु ज्याच्यापर्यंत प्रश्न पोहोचलेला नाही त्याचे उत्तर चुकले असे म्हणता येत नाही. आपल्यापर्यंत तो पोहोचलेला आहे.

न्यू इंग्लंडच्या बंधूंवरही मी अन्याय करू इच्छित नाही. भलतेच उत्तर देण्यापेक्षा गप्प बसणे बरे, असे त्यांना वाटले. त्या मौनात प्रामाणिकपणा होता. शास्त्रात नसलेले शास्त्रात घालू नये, ही त्यांची शिकवण तर आजही माझ्या टेबलावर रोज काम करते. मात्र मौन हेही ऐकणाऱ्याच्या कानी उत्तर म्हणूनच पडते, आणि दार ठोठावणाऱ्याला ते “जागा नाही” असेच ऐकू येते.

आपले मराठी उत्तर कोणते? मला वाटते, ते तबकात आहे. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, आणि गोव्याकडील घरांत नेवऱ्या व दोदोल. वर विणलेला रुमाल झाकून मुलांच्या हाती शेजाऱ्यांकडे पाठवलेले तबक. इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली येथे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांनी भाषा थोडीफार गमावली, पण ही चाल गमावलेली नाही. दिवाळीला शेजारचे ताट आपल्याकडे येते आणि नाताळला आपले त्यांच्याकडे जाते. हे उत्तर खरे आहे. फक्त ते ओळखीच्या दारांपुरते आहे.

ओळखीपलीकडच्या दाराविषयी मला माझ्याच घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. साधारण १९८० च्या सुमारास, मी दहा वर्षांचा असताना, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील आमच्या खेड्यातील मंडळीच्या नाटकात मी सरायवाला झालो होतो. वडिलांचा फेटा मला बांधला होता. “जागा नाही, जागा नाही!” असे मी इतक्या ठसक्यात म्हणालो, की पुढे कित्येक दिवस लोक मला त्याच शब्दांनी हाक मारत. ही माझी बालपणीची एक आवडती आठवण होती. पुष्कळ वर्षांनी, आईच्या शेवटच्या आजारपणात, तिने त्याच संध्याकाळची दुसरी बाजू सांगितली. ऊसतोडीला निघालेल्या एका कुटुंबाची बैलगाडी उपासनामंदिराच्या आवाराबाहेर थांबली होती. बैलाचा पाय दुखावला होता, गाडीत पोरेबाळे होती. एका रात्रीपुरते ओसरीवर पडू द्या, एवढीच विनंती होती. वडीलमंडळींनी आपसांत विचार केला आणि सांगितले, की आज कार्यक्रम आहे, लोक येणार आहेत, जागा होणार नाही. ते लोक दुष्ट नव्हते. त्यांतील एकजण माझे आजोबा होते. कार्यक्रम होता हे खरे, लोक आले हेही खरे. ओसरी खरोखरच भरली होती. आईला ती गाडी आयुष्यभर आठवत राहिली. मला ती आठवत नाही. मी डोळे मिटून पुष्कळदा प्रयत्न केला; मला फक्त फेटा आठवतो.

म्हणून सरायवाल्याविषयी मी पूर्वीइतक्या खात्रीने बोलू शकत नाही. भाषांतरकार म्हणून मला तो मजकुरात नको. त्याच्यामुळे दोष एका निर्दय परक्यावर जातो आणि भरलेल्या घरात माणसे काय करतात हा खरा प्रश्न बाजूला पडतो. परंतु तो पुरता नाहीसा झाला तर “जागा नाही” हे आपण आपल्या तोंडून कधी ऐकणार?

सातपुड्यातील मसुद्यात आम्ही शेवटी सराय काढली आणि ‘पाहुण्यांना उतरायला दिलेली जागा’ या अर्थाचा शब्द घातला. दुसरा अर्थ तळटीपेत दिला. नवा मसुदा घेऊन पुन्हा त्या आजींकडे गेलो. त्यांनी ऐकले, मान हलवली आणि म्हणाल्या, “आता बरोबर. पण पुढचं लिहा ना. घरचे सरकले, म्हणून बाळ आत मावलं.”

मी त्यांना सांगितले, की लूकाने तसे लिहिलेले नाही, म्हणून मलाही लिहिता येणार नाही.

“मग ते कुठं लिहिणार?” असे त्यांनी विचारले. त्या माझ्यावर थोड्या रागावल्याच होत्या.

तेथील नाताळच्या नाटकाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. सरायवाला वगळायचे ठरले तेव्हा ते काम करणारा मुलगा फार रडला, असे प्रचारकांनी फोनवर कळवले, आणि काय करावे म्हणून विचारले. मी त्यांना उत्तर पाठवले आहे: मजकुरात तो नाही, हे लोकांना स्पष्ट सांगा, नाटकात ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, मात्र ते काम दरवर्षी एकाच मुलाला देऊ नका, पाळीपाळीने सर्वांना द्या, आणि शक्य असल्यास सुरुवात वडीलमंडळींपासून करा.